हातातला गेम कन्सोल मुलाला कधी द्यावा?

प्रश्न: आदरणीय ताई, माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे आणि पुढच्या वर्षी गावातल्याच मराठी शाळेत पहिलीला जाईल. मोठी मुलगी नऊ वर्षांची आहे. माझा भाऊ बोटीवर कामाला असतो आणि यंदा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी येणार आहे. परवा त्याने फोन करून विचारले की, "भाच्यासाठी निन्टेन्डो कंपनीचा स्विच लाइट हा हातातला कन्सोल घेऊन येऊ का?" माझ्या यजमानांचे म्हणणे असे की मुलगा मोबाइल मागतोच, त्यापेक्षा हे बरे, सासूबाई म्हणतात की डोळे जातील आणि मूल हट्टी होईल. भावाला या महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे. असे यंत्र मुलाच्या हाती नेमके कितव्या वर्षी द्यावे?
एक आई, डिचोली

उत्तर: तुम्ही वयाचा आकडा विचारला आहे आणि तो मी पुढे देणार आहे. परंतु सव्वीस वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवताना एकाच वयाची मुले या बाबतीत एकमेकांपासून किती दूर असतात हे मी पाहिले आहे, म्हणून आधी मुलाकडे कसे पाहायचे ते सांगते. माझ्या मते पहिली आणि सर्वांत मोठी खूण एकच आहे: आवडीची गोष्ट रंगात आलेली असताना मध्येच ठेवून देणे मुलाला जमते का?

हे कळण्यासाठी कन्सोल विकत घ्यावा लागत नाही. पुढचे आठ दिवस मुलगा चित्र काढत असताना, अंगणात मातीत खेळत असताना किंवा दूरदर्शनसमोर बसलेला असताना तुम्ही त्याला जेवायला हाक मारता, तेव्हा काय घडते ते लक्षपूर्वक पाहा. पाच वर्षांचे मूल पहिल्या हाकेला उठत नाही, कुरकुर करते, क्वचित रडतेही. त्यात काही बिघडलेले नाही. पाहायचे ते पुढचे. ताटावर बसल्यावर दोन-चार घासांत ते सावरते, की अर्ध्या तासानंतरही त्याच गोष्टीसाठी धुसफुसत राहते? सावरणारे मूल तयारीच्या वाटेवर आहे. जे सावरत नाही त्याला आणखी काही महिने द्यावेत, कारण हातातल्या खेळात दर दोन मिनिटांनी नवे बक्षीस, नवा आवाज आणि नवा टप्पा येत असतो, आणि तिथून उठणे चित्राच्या वहीवरून उठण्यापेक्षा पुष्कळ कठीण असते.

ही गोष्ट मी स्वतःच्या घरात शिकले. तीन वर्षांपूर्वीच्या चवथीला माझ्या पुतण्याचा सहा वर्षांचा मुलगा गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली भिंतीला टेकून कन्सोलवर गाड्यांची शर्यत खेळत बसला होता. आरतीला वाजवायची घुमटे हातात घेतली गेली, सगळे उभे राहिले, आणि मी त्याला दोनदा हाक मारली. त्याचे अंगठे बटणांवर इतके घट्ट दाबलेले होते की नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या; हाक त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. मी यंत्र त्याच्या हातातून काढून घेतले. तो जो रडायला लागला तो आरती संपेपर्यंत थांबला नाही, आणि घरातल्या सर्वांनी "हे त्या खेळाचे वेड" असे म्हणून त्यालाच बोल लावला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारले, "ही शर्यत संपायला किती फेऱ्या राहिल्या?" तो म्हणाला, "दोन." मी थांबले. दोन फेऱ्या झाल्या, त्याने मला आपला क्रमांक दाखवला, आणि यंत्र स्वतः बंद करून माझ्या हातात दिले. आदल्या दिवशी चूक माझी होती. शर्यतीच्या मध्यावर, काही न सांगता, मी त्याचा डाव मोडला होता.

तेव्हापासून मी पालकांना सांगते की या वयाच्या मुलाला मिनिटांची भाषा बोलू नये. पाच वर्षांच्या मुलाला "आणखी दहा मिनिटे" म्हणजे किती हे कळत नाही, पण "आणखी एक शर्यत" हे चांगले कळते. मारिओ कार्ट ८ डिलक्स या खेळात बहुतेक शर्यती तीन फेऱ्यांच्या असतात आणि अशा चार शर्यतींचा एक कप होतो. एक कप म्हणजे साधारण पाव तास, आणि लहान मुलाच्या एका बैठकीला तेवढे पुरते. याच खेळात गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी सोय आहे. ती सुरू ठेवली तर ज्याची बोटे अजून पुरती वळत नाहीत त्या मुलालाही शेवटपर्यंत पोचता येते. "मध्येच बंद केले तर सगळे पुसले जाईल" ही तक्रारही मुलाकडून येईल. एकट्याने खेळायच्या खेळांपुरती ती खरी नाही, कारण स्विचचे पॉवरचे बटण एकदा दाबले की यंत्र झोपते आणि पुन्हा जागे केल्यावर खेळ थांबला होता तिथूनच पुढे चालू होतो. इंटरनेटवरून इतरांबरोबर चाललेल्या सामन्याला मात्र हे लागू पडत नाही, आणि तसले सामने इतक्या लहान वयात नसावेतच.

दुसरी खूण वाचनाची आहे आणि मराठी शाळेतल्या मुलांच्या बाबतीत ती मला फार महत्त्वाची वाटते. या यंत्रावरील बहुतेक खेळांतल्या सूचना, पात्रांचे संवाद आणि हो-नाही विचारणाऱ्या चौकटी आपल्याकडे इंग्रजीतच समोर येतात. तुमचा मुलगा अजून मराठी अक्षरे जुळवतो आहे. अशी चौकट समोर आली की न वाचता येणारे मूल जे बटण दाबल्यावर चौकट निघून जाते ते बटण दाबायला शिकते. मग बहिणीने महिनाभर खेळून जपलेला खेळ पुसला जातो, किंवा मामाच्या खात्याला कार्ड जोडलेले असेल तर काहीतरी विकत घेतले जाते, आणि मुलाला आपण काय केले याचा पत्ताही नसतो. म्हणून अक्षरांवाचून खेळता येईल असाच खेळ निवडावा, आणि गोष्ट सांगत पुढे जाणारे, पानेच्या पाने संवादांचे खेळ मूल इंग्रजी वाक्य स्वतः वाचू लागेपर्यंत लांब ठेवावेत. तुमच्या मुलीला मात्र या खेळांतून इंग्रजी वाचायची गोडी लागू शकते. पुढे काय होणार हे कळून घेण्याच्या ओढीने मुले शब्द विचारतात, आणि त्या वेळी शेजारी कोणी उत्तर देणारे असले तर तो शब्द पक्का बसतो.

बाकीच्या खुणा घरात रोज दिसतातच. सापशिडीत नव्व्याण्णववरून खाली घसरल्यावर पट उधळला जातो का. शर्टाची बटणे स्वतः लावता येतात का. जूनमध्ये घेऊन दिलेली छत्री चवथीपर्यंत घरात टिकते का. आणि काही फुटले तर मूल ते लपवते की येऊन सांगते. या शेवटच्या गोष्टीला मी पुष्कळ वजन देते, कारण यंत्र पडेल, पाण्यात भिजेल किंवा पडद्यावर काही भलतेच दिसेल तेव्हा मुलाने धावत तुमच्याकडे यावे, यासारखे दुसरे संरक्षण नाही.

आता सासूबाईंच्या काळजीविषयी. डोळ्यांची त्यांची भीती अनाठायी नाही, फक्त ती थोडी नेमकी करून घ्यायला हवी. लहान मुले लहान पडदा नाकाजवळ धरतात. स्विच लाइटचा पडदा साडेपाच इंचांचा आहे, आणि तो सतत जवळून पाहणे व दिवसाउजेडी घराबाहेर न जाणे या दोन्ही गोष्टींचा मुलांमध्ये जवळची दृष्टी, म्हणजे चष्म्याचा उणे नंबर, वाढण्याशी संबंध आढळलेला आहे. त्यावरचा उपायही याच दोन गोष्टींत आहे. यंत्र मांडीवर उशी ठेवून तिच्यावर टेकवून धरावे, कप संपला की उठून अंगणातल्या माडाच्या शेंड्याकडे पाहावे, आणि रोजचे बाहेरचे खेळणे कमी होऊ देऊ नये. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, त्यामुळे पागोळ्या थांबल्या की मुलांना बाहेर काढावे. कंपनी स्वतः दर तासाला दहा ते पंधरा मिनिटांची विश्रांती घ्यायला सांगते, परंतु तो सल्ला सर्व वयांसाठी आहे. साडेपाच वर्षांच्या मुलाने तासभर बसूच नये. घरात कोणाला आकडी येण्याचा त्रास असेल किंवा मुलाला पूर्वी कधी आली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा खेळ सुरू करू नये. झगमगत्या प्रकाशामुळे सुमारे ४,००० जणांत एकाला असा त्रास होऊ शकतो, अशी सूचना यंत्राबरोबरच दिलेली असते.

वेळेची मर्यादा म्हणाल, तर इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली दिलेल्या सूचनांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांपेक्षा कमी वेळ पडदा असावा. या वेळेत दूरदर्शन, मोबाइल आणि कन्सोल असे सगळे आले. यजमान जे म्हणतात की मोबाइलपेक्षा हे बरे, ते मोबाइल खरोखरच बाजूला राहिला तरच खरे ठरेल. कन्सोलला सुरुवात आणि शेवट असलेले खेळ असतात, मधून जाहिराती येत नाहीत, एकामागून एक आपोआप चालू होणारे व्हिडिओ नसतात, हा फायदा निश्चित आहे. परंतु दुपारी कन्सोल, संध्याकाळी मोबाइल आणि जेवताना कार्टून असे झाले तर त्या फायद्यातले काहीच उरत नाही.

आणि दुपारीच खरी कसोटी आहे. आपल्या गोव्यातल्या बहुतेक शाळा दुपारी सुटतात. तुम्ही आणि यजमान कामावर असाल, तर जेवणापासून दिवेलागणीपर्यंत मुले सासूबाईंजवळ असणार. म्हणजे नियम तुम्ही कराल आणि तो पाळून घेण्याचे काम त्यांच्यावर पडेल. ज्यांना हे यंत्र घरात नकोच आहे त्यांनाच त्याची राखण करायला लावणे योग्य होणार नाही. त्यांच्याशी बसून बोला, आणि त्यांनी "दुपारी नको" म्हटले तर ते मान्य करा. कन्सोल तुम्ही घरी आल्यावरच कपाटातून बाहेर येईल असे ठरवा. मी पाहिलेल्या घरांपैकी जिथे हे यंत्र सुखाने नांदते, तिथे ते देणारे आणि परत घेणारे माणूस एकच असते.

आता भावाला काय कळवायचे ते. माझे मत असे की स्विच लाइट यंदा आणू नये. ते यंत्र दूरदर्शनला जोडता येत नाही, त्यामुळे मूल काय खेळते आहे हे फक्त मुलालाच दिसते आणि घर त्याच्यापासून तुटते. आणायचेच असेल तर दूरदर्शनला जोडता येणारा साधा स्विच आणावा, आणि तो भाच्याला न देता घराला द्यावा. बैठकीच्या खोलीत मोठ्या पडद्यावर बहीणभाऊ मिळून खेळतील, तुम्हालाही हातातले काम करता करता दिसेल, डोळे पडद्यापासून दूर राहतील, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची सवय लागेल. एकट्याच्या हातात धरायचे यंत्र या मुलाला सात वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, वर सांगितलेल्या खुणा पाहून द्यावे. हा माझा आकडा. तुमच्या मुलीला मात्र ते आजही देता येईल असे तुमच्या पत्रावरून वाटते.

यंत्र आल्यावर पहिल्या संध्याकाळी ते मुलांना दाखवू नका. आधी तुम्ही दोघांनी बसून पालकांसाठीचे त्याचे मोफत ॲप आपल्या मोबाइलवर घ्या. त्यातून रोजची वेळ ठरवता येते, रात्री कितीनंतर खेळ नको ते सांगता येते, वयानुसार खेळ अडवता येतात आणि कोणता खेळ किती वेळ चालला हे दिसते. वेळ संपल्यावर पडद्यावर नुसती सूचना द्यायची की खेळ थांबवूनच टाकायचा, असे दोन पर्याय त्यात आहेत. सुरुवातीला पहिलाच निवडा. बंद करण्याची कृती मुलाच्या हातून व्हायला हवी. खरेदीला संकेतशब्द लावा आणि भावाचे कार्ड खात्यात साठवून ठेवू नका. खेळाच्या खोक्यावर वयाची खूण असते: युरोपातल्या खोक्यावर ३, ७, १२, १६ किंवा १८ हा आकडा, आणि अमेरिकेतल्या खोक्यावर अक्षर, ज्यात इंग्रजी 'ई' म्हणजे सर्वांसाठी. या खुणा आशयाविषयी असतात, खेळ किती अवघड आहे हे त्यांवरून कळत नाही, हे भावाला दुकानात उभा असताना आठवायला हवे. परदेशात घेतलेल्या यंत्राची हमी बहुधा तिथल्यापुरतीच असते, हेही त्याला विचारून घ्यायला सांगा.

प्रश्न: माझ्या चार वर्षांच्या नातीला तिच्या आतेभावाने आपला जुना निन्टेन्डो ३डीएस दिला आहे. जुना आहे, पडला तरी हरकत नाही, असे घरचे म्हणतात. तो तिला द्यावा का?
एक आजोबा, काणकोण

उत्तर: आजोबा, माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण यंत्राच्या किमतीत नाही. त्या यंत्राचा वरचा पडदा चष्म्याशिवाय त्रिमिती चित्र दाखवतो, आणि सहा वर्षे व त्याखालील मुलांनी ती त्रिमिती वापरू नये असे कंपनीनेच सांगितलेले आहे, कारण त्या वयात दृष्टी अजून घडत असते. त्रिमिती बंद करता येते, तिला संकेतशब्दाने कुलूपही लावता येते, पण संकेतशब्द आतेभावाने घातलेला असेल तर तो आधी त्याच्याकडून मिळवावा लागेल. याच कारणासाठी त्या कंपनीने २०१३ मध्ये त्रिमिती नसलेले, न दुमडणारे २डीएस काढले होते.

दुसरी गोष्ट खेळाच्या कार्डाची. ते टपाल तिकिटाएवढे असते आणि चार वर्षांचे मूल अजून वस्तू तोंडात घालून पाहते. स्विचच्या कार्डांना याच भीतीने कडू लेप दिलेला असतो; जुन्या कार्डांच्या बाबतीत त्याचा भरवसा धरू नका. बॅटरीही जुनी झालेली असणार. मागचे झाकण किंचित फुगलेले दिसले तर ते यंत्र चार्जिंगला लावूच नये.

तूर्त यंत्र बंद करून, कोरड्या डब्यात, पावसाळी दमटपणापासून सांभाळून ठेवा. नात सात वर्षांची झाली की ते उपयोगी पडेल, आणि तेव्हा त्याचा एक जुनेपणा तुमच्या पथ्यावर पडेल: त्याचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झाले आणि इंटरनेटवरून इतरांबरोबर खेळणेही एप्रिल २०२४ मध्ये थांबले. कार्डात आहे तेवढाच खेळ, अनोळखी माणूस नाही आणि खरेदीही नाही. शिकाऊ मुलीला असेच यंत्र हवे असते.

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. सर्व खुणा पाहून, नियम ठरवून आम्ही कन्सोल दिला. पहिले दोन महिने छान गेले. आता तो रोज वेळ संपली की भांडतो. आम्ही घाई केली का? हे व्यसन तर नव्हे?
एक वडील, फोंडा

उत्तर: व्यसन हा शब्द इतक्यात वापरू नका, निदान मुलासमोर तरी नको. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आपल्या रोगवर्गीकरणात स्थान दिले आहे आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. परंतु त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान होत असूनही तो चालूच राहणे, असे वर्तन बहुधा बारा महिने दिसावे लागते. रोज वेळ संपल्यावर होणारे भांडण म्हणजे तो विकार नव्हे.

मी आधी खेळ कोणता बदलला ते विचारेन. अनेकदा असे होते की सुरुवातीचे छोटे खेळ संपतात आणि घरात एखादा लांबलचक, न संपणारा खेळ येतो, ज्यात "इथे थांब" असे म्हणायला जागाच नसते. तसे असेल तर तो खेळ शनिवार-रविवारसाठी ठेवावा आणि रोजच्यासाठी टप्प्यांचा खेळ परत आणावा. तरीही भांडण राहिले तर कन्सोल दोन-तीन आठवडे कपाटात ठेवावा. मात्र भांडणाच्या क्षणी, रागाच्या भरात तो काढून घेऊ नये. दुसऱ्या दिवशी, जेवणे झाल्यावर, शांतपणे सांगावे की थांबणे अजून जमत नाही, म्हणून आपण थोडे मागे जाऊ आणि अमुक तारखेला पुन्हा सुरू करू. ती तारीख मुलाच्या हातूनच भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून घ्यावी, आणि त्या दिवशी त्याने आठवण करून देण्याआधी तुम्ही स्वतः यंत्र बाहेर काढून चार्जिंगला लावावे.